श्रीनाथजींचं पदक: चांदीवरून सोन्यावर

अखेर सोनं कापलं. चांदीचे चार तुकडे बिघडवल्याशिवाय सोन्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. चार झाले, पळवाट संपली. १ मिलिमीटर जाडीचा, अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा घेतला. २२ कॅरट की शुद्ध, यावर बरेच दिवस घोळ चालला होता. २२ कॅरटमधलं तांबं भट्टीत काळवंडतं आणि पारदर्शक मिन्याखालचा (मिना म्हणजे भट्टीत वितळवून धातूवर चढवलेली रंगीत काच) तो डाग नंतर काढता येत नाही, म्हणून शुद्धच घेतलं. कडी झाळ देऊन जोडलेली नाही, त्याच पत्र्यात शेंडी ठेवून वळवली. भट्टीत झाळ सुटण्याची धास्तीच नको.

विषय श्रीनाथजी, म्हणजे गोवर्धन उचलणारा कृष्ण. १६७२ मध्ये मूर्ती राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात आली, आणि तिथली मिन्याची छोटी पदकं पुष्टिमार्गी (वल्लभाचार्यांचा कृष्णभक्ती संप्रदाय) घरांत गळ्यात घालतात. श्याम वर्ण, डावा हात गोवर्धन उचलायला वर, उजवी मूठ कमरेवर. चांदीच्या दुसऱ्या तुकड्यावर मी ट्रेसिंग उलटं चिकटवलं होतं. खोदकाम पूर्ण झाल्यावर आईने तुकडा हातात घेतला, जरा लांब धरला आणि म्हणाली, "अरे, हे कोण?" उजवा हात वर होता. तो तुकडा भट्टीत गेलाच नाही, डबीत पडून आहे.

या वेळी खोदकामाची खोली ०.३ मिलिमीटरच्या आसपास ठेवली आणि खाचेच्या तळाला कोरणीने बारीक आडव्या रेघा मारल्या. मिना त्यांना धरून बसतो. शिवाय मूर्तीमागच्या पडद्याचा पारदर्शक हिरवा त्या रेघांवर हलतो, पदक जरा तिरपं केलं की कळतं. चांदीवरही हिरवा बरा दिसला होता, पण सोन्यावर त्याला जी ऊब येते ती वेगळीच.

पूड खलात पाण्याखाली वाटली, मग पाणी निवळेपर्यंत धूत बसलो. इथे कंटाळा केला तर पारदर्शक रंग दुधाळ होतो. (मी पहिल्या तुकड्याला केला होता.) भरल्यावर भट्टीच्या तोंडाशी पूर्ण वाळवलं, कारण आत ओल राहिली तर वाफ होऊन दाणे उडतात. ७८० अंशांवर दीड-दोन मिनिटं. आधी साखर सांडल्यासारखं दिसतं, मग संत्र्याच्या सालीसारखं, आणि मग एकदम तकतकीत. त्या क्षणी बाहेर.

पाठीवर निळं कमळ आहे आणि ते मी सगळ्यात आधी भरलं. जयपुरी दागिन्यांची पाठ मिन्याने भरलेली पाहून मला ती निव्वळ हौस वाटायची. पण एकाच बाजूला काच असली तर गार होताना पत्रा वाकतो आणि मिना तडकतो. माझ्या तिसऱ्या तुकड्याचं तेच झालं. पाठही भरली की दोन्हीकडची ओढ सारखी होते, आणि मऊ सोनं अंगावर घासून झिजत नाही ते वेगळंच.

रंगांचा क्रम जुन्या जयपुरी कारागिरांचाच. जास्त आच सोसणारा आधी: पांढरा, निळा, हिरवा, काळा, आणि लाल अगदी शेवटी, कारण तो लवकर बिघडतो. आमेरचा राजा मानसिंह (पहिला) याने लाहोरहून मिनाकार आणवले अशी परंपरा आहे, आणि जयपूरचं नाव झालं ते मुख्यतः या लाल रंगामुळे. पारदर्शक लाल चांदीवर थेट टाकला की तपकिरीकडे झुकतो, म्हणून तो आजवर मला नीट जमला की नाही हेच कळलेलं नाही.

काळा काल झाला. घासून पाहिला तर चेहऱ्यावर केसासारखे ओरखडे. काळ्यावर काही लपत नाही. आणखी बारीक दगडाने पाण्याखाली घासून एकदा परत भट्टी दिली, आता आरसा झालाय. पांढऱ्या माळेतला एक मणी किंचित पसरलाय, तो राहू देणार.

उरलाय फक्त पडद्याचा लाल काठ. पत्रा कापताना उरलेला सोन्याचा कपटा ठेवलाय. उद्या आधी त्याच्यावर भट्टी.