थर्लोच्या भुवया

दुपारी जेवण झालं की आडवं पडून मोबाइलवर जुनी तैलचित्रं बघत बसायची मला खोड आहे. परवा अठराव्या शतकातला इंग्रज न्यायाधीश लॉर्ड थर्लो समोर आला आणि झोपच उडाली. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं चित्र, टॉमस फिलिप्सने १८०६ साली रंगवलेलं. त्याच वर्षी थर्लो वारला.

काय त्या भुवया! यांच्यासमोर खोटी साक्ष द्यायची कोणाची छाती होईल? त्या काळचा राजकारणी चार्ल्स फॉक्स म्हणे म्हणायचा, थर्लो जितका शहाणा दिसतो तितका शहाणा माणूस जगात कधी झालाच नाही. खरं तर हा गृहस्थ बेशिस्तीपायी केंब्रिजमधून पदवी न घेताच बाहेर पडलेला. पण १७७८ ला लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधिकारी, झाला आणि मधले काही महिने सोडले तर १७९२ पर्यंत खुर्चीवर टिकला. वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला उभा राहिला तेव्हा अध्यक्षस्थानी हाच.

आमच्या वाड्यात एक वकीलकाका होते. त्यांचा पेपर परत द्यायला मला पाठवायचे. समोर सतरंजीवर अशील बसलेला, भावाने बांध कोरल्याचं रडगाणं चाललेलं. काका चष्मा कपाळावर सरकवायचे, डाव्या भुवईचा एक लांब केस चिमटीत धरून पिळायचे आणि बऱ्याच वेळाने म्हणायचे, “हंऽऽ.” बस. अशिलाचा चेहरा उजळायचा. फी त्या ‘हं’चीच असावी. मागे कपाटात कायद्याचे जाडजूड खंड. काका आत गेल्यावर मी एकदा खालचा एक ओढून पाहिला, तर पानं दमटपणाने एकमेकांना चिकटून बसलेली. काका केस जिंकायचे की हरायचे, कोण जाणे. तारखा मात्र भरपूर पडायच्या. मी आरशासमोर भुवई पिळून पाहायचो. आईने विचारलं, “डोळ्यात काही गेलं का रे?”

अजूनही मला हसतमुख वकील चालत नाही. डॉक्टरसुद्धा नाही.

चोरांना मात्र भुवयांचं काही वाटत नाही. १७८४ च्या मार्चमध्ये थर्लोच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या घरातून सरकारी कागदांवर उठवायची राज्याची मोठी मोहोरच चोरीला गेली. ती पुन्हा मिळाली नाही. घाईघाईने नवी पाडून घ्यावी लागली. हे वाचून मी एकटाच हसत होतो.

मग पुढचं वाचलं. १७८८ मध्ये गुलामांच्या जहाजांत माणसं किती कोंबायची याला मर्यादा घालणारं विधेयक लॉर्ड्‌सच्या सभागृहात आलं. थर्लोने कडाडून विरोध केला. तेव्हाही तो तितकाच शहाणा दिसला असणार. विधेयक तरीही मंजूर झालं. जहाजाच्या पहिल्या दोनशेएक टनांपर्यंत, दर तीन टनांना पाच माणसं.