तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या काळ्या दगडात सोनं का नाही?

सराफ्यात कुणी ओळखीचं भेटलं की हमखास विचारतं, "ताई, तुम्ही भूगर्भशास्त्र शिकवता ना, मग सांगा, आपला माळवा सगळा लाव्ह्याचा, लाव्हा आला पृथ्वीच्या पोटातून, तर त्यात सोनं का नाही?" प्रश्न मला फार आवडतो, पण उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

पृथ्वी नवीन होती तेव्हा इतकी तापली की लोखंड वितळून खाली उतरलं, आणि ज्यांचं लोखंडाशी जमतं ते त्याच्यासोबत गेले, बरंचसं निकेल, प्लॅटिनम आणि आपलं सोनंही. बहुतेक सोनं आज २,९०० किलोमीटर खाली गाभ्यात आहे! वर कवचात टनभर दगडामागे सरासरी काही मिलिग्रॅम, आणि तेही गरम पाण्याने भेगांमध्ये गोळा केलं तरच खाण होते, कर्नाटकात हट्टीला झालंय तसं.

पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या भागात. गाभ्याच्या वर, कवचाच्या खाली जो दगडाचा जाड थर, म्हणजे मँटल, राहिला त्याच्या वरच्या भागात मुख्य खनिज ऑलिव्हिन, त्यात मॅग्नेशियमच्या मापाच्या जागा, पंगतीत पाट मांडलेत असं समजा. मॅग्नेशियमच्या आयनाची, म्हणजे भार असलेल्या अणूची, त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम (अणू मोजायचं इवलंसं माप), निकेलची ०.६९, दोघांचा भारही सारखाच, म्हणून उरलेलं निकेल तिथे आरामात बसतं. पोटॅशियम १.३८, म्हणजे जवळजवळ दुप्पट, ते मावणार कुठे? युरेनियम-थोरियमचाही आकार मोठा आणि भारही जास्त, त्यामुळे मँटल जरासा वितळला की ही मंडळी आधी उठून रसात येतात. माप आणि भार बघून कोण कुठे बसेल हे सांगायचं हे शास्त्र १९२० च्या दशकात नॉर्वेत व्हिक्टर गोल्डश्मिटने उभं केलं, माझ्या मते त्याचं नाव शाळेतच कळायला हवं.

तोच मँटलचा रस (गाभ्याचा नव्हे, म्हणून सोनं नाही) ६.६ कोटी वर्षांपूर्वी वर येऊन आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झाला, त्यात पोटॅशियम, टायटॅनियम मँटलपेक्षा कितीतरी जास्त.

चंद्रावर तर हे लांबूनही दिसतं. तिथे वितळलेल्या दगडावर प्लॅजिओक्लेज नावाचं हलकं खनिज तरंगून वर आलं, तोच पांढरा भाग, आणि त्यात कॅल्शियमच्या जागी युरोपियम हे मूलद्रव्य बसून गेलं, म्हणून खाली उरलेल्यातून पुढे आलेल्या, अपोलोवाल्यांनी आणलेल्या काळ्या बेसाल्टमध्ये युरोपियमची तूट सापडली. कोजागरीला गच्चीवर दूध आटतंय तोवर मी सगळ्यांना तो पांढरा-काळा भाग दाखवते.

प्लॅजिओक्लेज आपल्याकडेही आहे, पाताळपाणीहून आणलेला एक खडा माझ्या टेबलावर असतो, भिंगातून त्यातल्या पांढुरक्या काड्या दिसतात, बघायच्या असतील तर घरी या.