डेम्पस्टरची धूळ खात इनुविक
पोहोचलो एकदाचे इनुविकला! कॅनडाचा डेम्पस्टर हायवे म्हणजे सातशेहून जास्त किलोमीटर जवळपास नुसती खडी. डॉसनकडून निघालं की ईगल प्लेन्सपर्यंत पेट्रोल पंपच नाही. मग आर्क्टिक वृत्त, पुढे पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या गाडीसकट फेरीबोटीने. (डास सोबतीला, फुकट.) मागची काच धुळीने पार लिंपून गेलीय, नंबरप्लेट वाचता येत नाही.

इथे घरं खांबांवर उभी. पाण्याचे, सांडपाण्याचे पाइपसुद्धा जमिनीच्या वरून, पेटीतून नेलेत. खाली कायम गोठलेली माती, ती वितळली की घर खचलंच म्हणून समजा.

रात्रीचे बारा वाजलेत, बाहेर लख्ख ऊन, पोरं सायकली हाणतायत. झोपायचं कसं, सांगा बरं!