वाघबिळाचा घाट आणि तीन मजली केक

कोल्हापूर ते पन्हाळा जेमतेम २० किलोमीटर. एरवी रविवारी पिठलं-भाकरी खायला आम्ही उठून जातो तेवढं. पण गाडीत लग्नाचा तीन मजली केक असला की हाच रस्ता अनोळखी होतो. कुठं गतिरोधक आहे, कुठं डांबर उखडलंय, सगळं आधी आठवायला लागतं.

भाचीचं लग्न गडावर, संध्याकाळी हिरवळीवर रिसेप्शन, आणि केक मावशीच्याच हातचा हवा हा तिचा हट्ट. आजीचं फर्मान वेगळंच: केकात अंडं नको. दुसऱ्या दिवशीच्या मटणाच्या पंगतीला तिची ना नव्हती, पण लग्नादिवशी अंडं म्हणजे अब्रह्मण्यम. मग दही आणि सोड्यावर फुगवलेला स्पंज. खालचा १२ इंची मजला गूळ-वेलदोड्याचा, मधला ९ इंची चॉकलेटचा, वरचा ६ इंची साधा व्हॅनिला. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण मानांकन बघून गूळ कोण घेतंय? मार्केट यार्डात ओळखीच्या दुकानी खडा फोडून जिभेवर ठेवला, खारट लागला नाही, घेतला. गूळ ओल धरून ठेवतो, त्यामुळे स्पंज आधी भाजून ठेवला तरी कोरडा पडत नाही.

बाकी सगळं रस्त्यानं ठरवलं. फेब्रुवारीअखेरचं ऊन आणि वाघबिळाची वळणं म्हटल्यावर व्हिप क्रीम बाद. लोणी तिशीच्या वर पारा गेला की ढिलं पडतं, म्हणून बटरक्रीमही बाद. उरलं गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट, तेही घट्ट. एक भाग क्रीमला डार्क चॉकलेट दोन भाग, आणि बाहेरून लावायला पांढरं चॉकलेट तीन भाग. रात्रभर मुरलं की सुरीनं भिंतीसारखं सपाट करता येतं. फॉन्डंटचा, म्हणजे लाटून केकावर पांघरतात त्या साखरेच्या थराचा, मोह मी टाळला. फ्रीजमधून काढून दमट हवेत आणला की त्याला घाम फुटतो आणि फोटोत तो ओला दिसतो.

खालच्या दोन्ही मजल्यांत बबल टीचे जाड स्ट्रॉ रोवले, गनाशच्या बरोबर पातळीला कापून. प्रत्येक मजला स्वतःच्या बोर्डवर. वरचं वजन बोर्डवरून स्ट्रॉमध्ये उतरतं, स्पंजवर येत नाही. हे नसेल तर तीन मजले घरातसुद्धा उभे राहत नाहीत, घाटाचं तर नावच नको. शिवाय मजले एकावर एक चढवायचे ते गडावर गेल्यावरच. रचलेला केक गाडीतून नेणारे लोक असतात. त्यांना माझा दुरून नमस्कार.

दुपारी राजारामपुरीतून निघालो. गाडी भावाची. मागची सीट पाडून, ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळीची चटई टाकून तिन्ही खोकी सपाट ठेवली. सीटवर केक ठेवू नये, सीट मागं उतरती असते. मांडीवर तर मुळीच नको, मांडी गरम. डिकी झाकणारी आतली फळी काढून टाकली, नाहीतर एसी मागं पोचत नाही. पुढं माझ्या पायाशी दुरुस्तीची पिशवी: जादा गनाश, सुरी, स्ट्रॉ, कात्री. एसी इतका की मागं खोक्यांशेजारी अंग चोरून बसलेल्या भाच्यानं स्वेटर चढवला.

सीपीआर चौकातली गर्दी, मग शिवाजी पूल. पंचगंगा शहाण्यासारखी खाली वाहत होती. पावसाळ्यात केर्लीजवळ पाणी आलं की हाच रत्नागिरी रस्ता बंद पडतो. आता तिथं पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला, वर गाणी चढ्या आवाजात. एरवी भावानं हॉर्नवरचा हात काढला नसता. मी म्हटलं, ‘‘राहू दे त्याच्या मागंच.’’

‘‘आक्का, मागं नवरी बसल्यागत चालवतोय. अजून किती हळू?’’

वाघबीळला रत्नागिरी रस्ता सोडला आणि चढ लागला. चढावर खोकी मागं सरकायला बघतात, वळणावर बाजूला. चटईनं काम केलं. गडाच्या तोंडाशी, चार दरवाजाजवळ, जीव मुठीत धरला. २०२१च्या जुलैत पावसानं हा रस्ता खचला होता, तेव्हापासून तिथून जाताना माझी नजर आपोआप दरीकडं जाते. नाक्यावर पावती फाडणाऱ्यानं मागं वाकून बघितलं.

‘‘कुणाचा वाढदिवस?’’

‘‘लग्नाचा केक आहे.’’

‘‘लग्नाला केक? मग अक्षता कशाला टाकताय?’’

हिरवळीवर टेबल झालरवालं, देखणं, आणि तीन पायांवर उभं. चौथ्या पायाखाली पत्रावळी दुमडून घातली, मोबाइलवर पातळी बघितली, मग मजले चढवले. वाऱ्यानं टेबलक्लॉथ केकाला लागत होता, त्याला खालून पिना मारल्या. तेवढ्यात मंडपवाल्याचा पोरगा कुंपणावरची गुलाबी कण्हेर ओंजळभर घेऊन आला, ‘‘मावशी, हे खोचा की, भारी दिसंल.’’ कण्हेर नखशिखांत विषारी. पोराला ती फुलं लांब टाकून हात धुवायला पाठवलं आणि देठांना टेप गुंडाळून आणलेले गुलाब खोचले.

इंग्रजांकडं वरचा मजला पहिल्या मुलाच्या बारशासाठी राखून ठेवायची पद्धत होती. त्यांचा केक दारूत मुरलेल्या सुक्या फळांचा, तो टिकायचा. आमच्याकडं वरचा मजला फोटोसाठी कापला आणि तिथंच पोरांनी संपवला. आजीनं गुळाचा तुकडा मागून घेतला, दुसराही घेतला, आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, ‘‘अंडं न्हाई हं ह्यात. मी बघितलंय.’’ मी भाजत होते तेव्हा ती सांगलीला होती.