हत्ती सोडून उंट का मारला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, पण हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या रविवारी एक जुना डाव मांडतो. अठराव्या चालीपाशी थांबून म्हणतो, "काळ्याची चाल. काय खेळाल?" वीसच्या वीस बोटं एकाच घराकडे जातात. मग मी डावातली खरी चाल करतो आणि हॉलमध्ये एकदम कलकलाट होतो. त्यातून एखादं मूल, नाहीतर मागच्या खुर्चीत मोबाइल बघत बसलेले कुणाचे तरी बाबा, विचारतातच: "सर, घोडा देऊन हत्ती मिळत होता की! मग उंट का मारला?"

उत्तर द्यायला मला पाऊण तास लागतो आणि अकरा वाजता हॉल योगवर्गाला द्यायचा असतो. म्हणून इथे सविस्तर.

डाव न्यूयॉर्कमधला, १९६३ सालच्या डिसेंबरात सुरू झालेल्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेतला. पांढरी मोहरी रॉबर्ट बर्नकडे, काळी बॉबी फिशरकडे. फिशर तेव्हा वीस वर्षांचा. त्या स्पर्धेत त्यानं अकराच्या अकरा डाव जिंकले, एक बरोबरीसुद्धा कुणाला दिली नाही. पण आपण एकाच डावाबद्दल बोलतोय.

बर्न घराण्याचं आणि फिशरच्या घोड्यांचं काहीतरी जुनं वैर असावं. रॉबर्टचा धाकटा भाऊ डॉनल्ड १९५६ साली फिशरकडून हरला होता, आणि तेव्हा फिशर होता तेरा वर्षांचा. त्या डावात त्यानं पुढे वजीर दिला म्हणून तो डाव जगभर गाजला. पण वजिराच्या आधी त्यानं घोडा पटाच्या अगदी कडेला, ए-४ घरात (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून एक ते आठ), समोरच्या घोड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला होता. आम्ही मुलांना घोकून घेतो की घोडा मध्यात ठेवावा, तिथून तो आठ घरं बघतो, कडेला गेला की चारच. पोरगं थेट कडेला गेलं. तो घोडा खाल्ला तरी पंचाईत, न खाल्ला तरी पंचाईत. डॉनल्डनं नाही खाल्ला. सात वर्षांनी थोरल्या भावाची पाळी आली.

डावाची सुरुवात अगदी सपक. सी-स्तंभातली प्यादी आपसात कटली, दोघांनी उंट कोपऱ्याच्या आत लावले, दोघांनी किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा कडेला आणि हत्ती त्याच्या शेजारी. आरशात बघून खेळल्यासारखं. बाराव्या चालीला फिशरनं ई-स्तंभातलं प्यादं दोन घरं पुढे ढकललं आणि आरसा फुटला. प्याद्यांची मारामारी झाल्यावर त्याचं डी-५ वरचं प्यादं एकटं पडलं. एकट्या प्याद्यावर दबाव आणायचा हे पाठ्यपुस्तकी धोरण, म्हणून चौदाव्या चालीत बर्ननं एफ-१ वरचा हत्ती डी-१ वर आणला. आता बघा, राजाजवळचं एफ-२ हे प्यादं राखायला राजाखेरीज कुणी उरलं नाही. ए-१ वरचा हत्ती आणला असता तर एफ-१ वरचा पहारेकरी जागेवर राहिला असता. "दोन हत्तींपैकी कुठला?" हा प्रश्न दिसतो किरकोळ, पण जाणकार खेळाडूही या एका प्रश्नावर घड्याळातली वीस-वीस मिनिटं घालवतात ते उगाच नाही.

फिशरचा पहिला घोडा डी-३ वर घुसला. बर्ननं वजीर सी-२ वर नेऊन त्या घोड्यावर जोर लावला. आता तो घोडा मागे जाणार, नाहीतर मरणार. तो पुढे गेला! एफ-२ चं प्यादं खाऊन राजाच्या पुढ्यात उभा राहिला. राजानं त्याला खाल्लं. मागोमाग दुसरा घोडा जी-४ वर शह देत आला. राजा परत जी-१ वर गेला आणि घोड्यानं ई-३ चं प्यादं खाल्लं. तिथून तो एकाच वेळी तीन मोहऱ्यांवर डोळा ठेवून होता: सी-२ चा वजीर, डी-१ चा हत्ती, जी-२ चा उंट. बर्ननं वजीर डी-२ वर सरकवला. वजीर वाचला, वर घोड्यावर नेमही धरला गेला.

इथे मी थांबतो, आणि इथेच ती वीस बोटं डी-१ च्या हत्तीवर जातात.

मुलांचा दोष नाही. पहिल्या तासाला फळ्यावर दरपत्रक मीच लिहितो: प्यादं एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. पाचाची वस्तू तीनात मिळत असताना कोण सोडेल? पटापलीकडे बसलेला बर्नही हाच हिशेब करत होता. त्यानं नंतर लिहून ठेवलंय की फिशर अशा फसलेल्या डावात का शिरला असेल याचाच तो विचार करत होता, कारण हत्ती मारून काळा हरतो हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि ते खरंच होतं. हत्ती मारल्यावर पांढऱ्यानं घोडा परत खाल्ला असता. हिशेबात काळ्याला एक हत्ती आणि दोन प्यादी, पांढऱ्याला दोन हलकी मोहरी, म्हणजे तीन-तीन किमतीची. कागदावर वाईट नाही. पण हल्ला तिथेच विझला असता: काळ्याचे दोन्ही घोडे गेलेले, आणि पांढऱ्याचा राजा जी-२ च्या उंटाआड निर्धास्त.

त्या उंटाकडे बघा. पटावर एच-१ पासून ए-८ पर्यंत एक लांब तिरकी वाट जाते, सगळी पांढरी घरं. तो उंट त्या वाटेच्या तोंडाशी बसलाय. राजाभोवतालच्या पांढऱ्या घरांचा तो एकमेव राखणदार, कारण पांढऱ्याचा दुसरा उंट काळ्या घरांतला, तो या घरांवर जन्मात येऊ शकत नाही. फिशरचा पांढऱ्या घरांतला उंट मात्र जिवंत आहे, ए-६ वर. तिथून एक पाऊल बी-७ वर आला की तो याच वाटेवर आला. मग त्याचं घोडं कुठं पेंड खात होतं? दोन ठिकाणी. त्या तोंडाला पांढरा उंट, आणि मधोमध, डी-५ वर, फिशरचं स्वतःचंच प्यादं.

म्हणून अठरावी चाल: घोड्यानं जी-२ चा उंट मारला. राजानं घोडा मारला. तीनाला तीन, फिटंफाट. वरवर बघता काळ्यानं पाचाची वस्तू सोडून तीनाची घेतली आणि आधी गेलेल्या घोड्याचं कर्ज तसंच डोक्यावर ठेवलं. पुढच्या चालीला त्यानं डी-५ चं प्यादं डी-४ वर ढकललं, फुकट. पांढऱ्या घोड्यानं ते खाल्लं. वाट मोकळी! उंट बी-७ वर, शह. राजा एफ-१ वर. मग फिशरनं वजीर एकच घर सरळ पुढे उचलून डी-७ वर ठेवला. ना शह, ना मारामारी. बर्ननं पट नीट पाहिला आणि डाव सोडला.

चाल एकविसावी. पांढऱ्याकडे एक मोहरा जास्त, प्यादं फक्त एक कमी. शेजारच्या खोलीत दोन ग्रँडमास्टर प्रेक्षकांना डाव समजावून सांगत होते; बर्ननं लिहिलंय की त्यानं डाव सोडला त्या घटकेलाही त्या दोघांच्या मते पांढरा जिंकत होता. मला या प्रसंगात त्या दोघांची फार दया येते. समजावून सांगणाऱ्याची अशी फजिती माझी दर महिन्याला होते, फक्त माझ्यासमोर दहा वर्षांची मुलं असतात.

बर्नला काय दिसलं? वजीर एफ-२ वर आणून राजा झाकावा म्हटलं तर काळा वजीर एच-३ वर येऊन शह देतो आणि राजा जी-१ वर जातो. मग काळ्याचा हत्ती ई-१ वर चक्क बळी जातो, शह देऊन. वजिरानं तो मारला तर जी-२ वर मात. म्हणून डी-१ च्या हत्तीनंच तो मारायचा. पण त्या हत्तीनं डी-स्तंभ सोडला की डी-४ च्या घोड्याचा आधार गेला, आणि जी-७ वर सकाळपासून गप्प बसलेला फिशरचा दुसरा उंट तो घोडा खातो. आता पांढरा वजीर आणि राजा एका रेषेत अडकले. वजिरानं तो उंट खाल्ला, तर जी-२ मोकळं, पुन्हा मात. हे सगळं फिशरला उंट मारण्याआधी दिसलेलं असणार, नाहीतर असा हत्ती कोण सोडतो? ज्यांना रस असेल त्यांनी पट मांडून करून बघा. वाचून नाही कळत ते, मलाही नव्हतं कळलं.

माझं म्हणाल तर मी तो हत्ती खाल्ला असता. कल्पनेतलं बोलत नाही, खरंच खाल्लाय, दुसऱ्या डावात. कॉलेजात असताना एका जिल्हा स्पर्धेत समोर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. माझा घोडा त्यांच्या पटात सहाव्या ओळीत असा ठाण मांडून बसला होता की त्यांना चाल सुचेना. आणि मला कोपऱ्यातला हत्ती दिसला. खाल्ला. काकांनी चहाचा कप खाली ठेवला, एक प्यादं पुढे केलं, आणि कोपऱ्यातून बाहेर यायच्या दोन्ही वाटा बंद. "घोडा आता आमच्याकडेच राहील हं," म्हणाले. हिशेबानं मी पुढेच होतो. पण पटावर माझं काम करणारं एकमेव मोहरं त्या कोपऱ्यात मेलं आणि पुढच्या पंचवीस चालींत काकांनी मला आरामात हरवलं. बाहेर येऊन मी मित्रांना सांगितलं की झोप झाली नव्हती.

आता मुलं हुशार झालीत. गेल्या जुलैचं सांगत नाही, २०२५ च्या जुलैचं म्हणतोय: नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमचा वर्ग दुप्पट झालाय आणि निम्म्या मुलांच्या मोबाइलमध्ये इंजिन, म्हणजे चाली शोधून देणारा प्रोग्रॅम, आहे. ते इंजिन ही अठरावी चाल क्षणात दाखवतं. परवा एकानं हात वर करून ऐटीत सांगितली. मी विचारलं, "का?" तर म्हणाला, "त्यात काळ्याचा आकडा मोठा येतो." मग मी त्याला पटावरून जी-२ चा उंट उचलायला लावला आणि एच-१ पासून ए-८ पर्यंत बोट फिरवायला सांगितलं. बोट डी-५ वर अडलं. थोडा वेळ तो तसाच बघत राहिला आणि मग स्वतःहून म्हणाला, "हे आपलंच प्यादं मधे येतंय."

तेवढ्यात योगवाले चटया घेऊन दारात आले. घाईघाईत मोहरी डब्यात भरली. काळे घोडे शोधायची गरज पडली नाही, दोन्ही आधीच डब्यात होते. पांढरे दोन्ही पटावर. एका मुलीनं डी-१ वरचा हत्ती उचलला आणि म्हणाली, "सर, याला कोणी खाल्लंच नाही."