तुम्ही विचारलंत म्हणून: पूर सगळ्यांनी पाहिला, मग वकील कशाला?

मी व्यापाऱ्यांच्या बाजूने विमा कंपन्यांशी भांडते, हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो. "मॅडम, दुकानात पाणी शिरलं हे अख्ख्या गावाने पाहिलं. त्यात वकिलाने सिद्ध काय करायचं?"

पाणी शिरलं याबद्दल कंपनी सहसा वाद घालतच नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, ते कोण नाकारणार? भांडण असतं कागदांचं. दुकानदाराची पॉलिसी बरेचदा कॅश क्रेडिटच्या, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासोबत बँकेनेच काढलेली असते आणि बँकेच्याच फायलीत राहते. पूर ओसरल्यावर कळतं, की प्रीमियम वाचवायला वादळ-पुराचं संरक्षणच वगळलंय. नाहीतर माल एक कोटीचा आणि विमा ६० लाखांचा. मग ३० लाखांचं नुकसान झालं तरी हातात १८ लाखच पडतात. उरलेल्या ४० टक्क्यांचा विमा जणू तुम्हीच उतरवलाय, असं पॉलिसी धरते. "पण मी ६० लाखांच्या आतलंच मागतोय ना!" हे वाक्य मला आता पाठ झालंय.

सगळ्यात नाजूक कागद म्हणजे बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, दुकानात किती माल आहे त्याचा हिशेब. कर्जाची मर्यादा टिकावी म्हणून त्यात माल थोडा फुगवलेला असतो. नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला सर्व्हेअर ते जीएसटी रिटर्न आणि ताळेबंदाशी ताडून बघतो, आणि तीन कागदांवर तीन आकडे निघतात. अशील हे आपणहून कधी सांगत नाही. मीच विचारते, केबिनचं दार लावून.

मात्र सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २००९ सालीच सांगितलंय. शिवाय क्लेम नाकारण्याच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर कोर्टात उकरून काढता येत नाही. म्हणून पॉलिसीच्या जोडीने मी ते पत्र शब्दन् शब्द वाचते. घाईत लिहिलेली पत्रं मला फार आवडतात.

अडचण होते ती 'फुल अँड फायनल'च्या, म्हणजे 'सगळे पैसे मिळाले, आता काही मागणं नाही' अशा व्हाउचरवर सही झालेली असली की. दुकान उघडायला पैसे हवेत, म्हणून माणूस सही करतो. पुढे नुसतं "दबाव होता" म्हणून भागत नाही. लगेच लिहिलेला निषेधाचा एखादा ईमेल असला, तर माझ्या हाताला काहीतरी लागतं.

आणि हो, व्यापारीसुद्धा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. २००२ च्या गुजरात दंगलीत नुकसान झालेल्या हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. आयोग कुठला, हे दाव्याच्या नव्हे, भरलेल्या प्रीमियमच्या रकमेवर ठरतं. प्रीमियम ५० लाखांच्या आत असेल, तर कोट्यवधींचा दावाही जिल्हा आयोगातच. मुदत दोन वर्षांची, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. तरी शेवटच्या आठवड्यात फाइल घेऊन येणारे असतातच. त्यांना चहा नंतर, आधी वकालतनाम्यावर सही.