भंडाऱ्याची पुडी

शनिवार, रात्रीचे सव्वादहा. इंडक्शनचा, म्हणजे पोराच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या पहिल्या टप्प्याच्या केमोचा, 15वा दिवस.

आईंचं ते "बरं" काही डोक्यातून जात नाही.

जेजुरीची पुडी त्यांनी कनवटीतून काढली, चिमूट घेतली, आणि पोराच्या कपाळापासून वीतभरावर मी त्यांचं मनगट धरलं. "आई, नको." त्या म्हणाल्या, "बरं." पुडीच्या कागदाच्या घड्या होत्या तशाच पुन्हा घातल्या. भांडल्या असत्या तर एवढं लागलं नसतं.

सकाळचा सीबीसी, रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, समोर होता. पांढऱ्या पेशी 900, न्यूट्रोफिल 20 टक्के. म्हणजे एएनसी, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आकडा, 180. आकडा 500च्या खाली गेला की एरवी अंगावर निघून जाणारी गोष्टही रक्तात उतरू शकते. हळदीच्या कोरड्या पुडीत बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी पोराचं त्याने काही बिघडत नाही, पण आत्ता ती धूळ ह्याच्या श्वासात जायला नको आणि दंडातल्या पिक लाइनच्या, औषधासाठी शिरेत घातलेल्या नळीच्या, ड्रेसिंगवर तिचा कणही पडायला नको. हे सगळं मला पाठ आहे. हात धरला तेव्हा मात्र यातलं काही मनात नव्हतं. नुसती भीती होती, आणि ती माझ्या बोटांतून त्यांना कळली असणार.

नको म्हणायचं तरी किती वेळा? परवा पंचामृत. कच्चं दूध, दही, मध, म्हणजे न शिजवलेलं सगळं एकाच वाटीत. त्याआधी तीर्थ, त्यात तुळशीचं पान. मग उशाशी झेंडूची फुलं. त्यांच्या देठांशी, साचल्या पाण्यात जंतू वाढतात, म्हणून तीही बाहेर. मनगटाचा काळा दोरा मी कापला नाही, सोडवला. ओला झाला की दिवसभर ओलाच राहतो. आणि लाइन बसायच्या आधी व्हिन्क्रिस्टिन, केमोचं औषध, हाताच्या शिरेतूनच गेलं होतं. ते शिरेबाहेर पाझरलं तर मांस जाळतं, त्यामुळे सुईच्या आसपासची सूज दिसायला हवी आणि दोऱ्याखाली ती दिसत नाही. पलीकडच्या कॉटवरच्या बाईंनी दर्ग्याचा धागा आपणहून कॉटच्या दांडीला बांधला होता. त्यांचं पाहून आईंनीही तेच केलं, न बोलता.

म्हणजे त्या ऐकतात. प्रत्येक वेळी ऐकतात. मग मला राग कशाचा येतो?

देव आणि पोर यांच्या मधे उभं राहायचं काम माझ्याच वाट्याला का यावं? ह्यांना कुणी काही विचारत नाही. ते फाइल सांभाळतात, रांगेत उभे राहतात, रक्तदाते शोधतात, सगळ्यांचे चांगले. वाईट मी. आणि मला त्या चिमटीची गरज नव्हती असं थोडंच आहे. 29व्या दिवशी मॅरो, हाडातल्या मगजाची तपासणी, आहे. एमआरडी, म्हणजे उरलेल्या कर्करोगाच्या पेशींचं प्रमाण, 0.01 टक्क्याच्या खाली यायला हवं. त्या आकड्यासाठी मी जे करते त्याला काय म्हणायचं, ते जाऊ दे.

दुपारी गेले दोन दिवस उशीवर येणारे केस हातात घेऊन आई म्हणाल्या, "ह्याचं जावळ जेजुरीलाच दिलं होतं गं." मला वाटलं, आता वस्तऱ्याचं निघणार. प्लेटलेट 22,000 आहेत, वस्तरा लावायचाच नाही, बारीक कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. तोंडात उत्तर तयार होतं. पण त्यांनी विचारलं, "ते मशीन चालेल ना, बिनपात्याचं वाटतं ते?" ट्रिमर म्हणायचं होतं त्यांना. चालेल म्हटलं, आधी स्पिरिटने पुसून. केस त्यांनी रुमालात बांधून स्वतःच्या पिशवीत ठेवले. कशाला, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी बाहेरून आल्या त्या थेट नळावर. साबण बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, अंगठ्याभोवती, मग मनगटापर्यंत. ओठ हलत होते, "येळकोट येळकोट जय मल्हार". 40 सेकंद मोजायला सांगितलं होतं नर्सबाईंनी. घड्याळ वाचता येत नाही म्हणून त्यांनी हे लावून घेतलंय: अकरा वेळा म्हटलं की झालं. मी आज चोरून घड्याळ लावलं. 46 सेकंद.

इथं दादरच्या धर्मशाळेत गाडगेबाबांच्या तसबिरीपुढे त्या रोज हात जोडतात. नवस करू नका म्हणून सांगत फिरणारा माणूस तो, आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचा, मग कीर्तनाला उभा राहायचा. आईंना त्यात काही अडचण वाटत नाही. त्यांचा नवस बोलून झालाय: पोर उभं राहिलं की पाच जणांनी तळी उचलायची, ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. बाबांपुढेही हात, खंडोबालाही नवस, आणि साबण अकरा वेळा. मला या तिन्हींचं एका ठिकाणी बसत नाही. त्यांचं बसतं.

उद्या रविवार. पुरणाचा नैवेद्य करायचं मीच म्हटलं. डाळ शिजलेली, पुरण परतलेलं, पोळी तव्यावरून थेट ताटात, गरम असतानाच खायची. दोन तास उघडं राहिलेलं काही नाही. डेक्सामुळे, त्या स्टेरॉइडमुळे, पोराला रात्री तीनलाही भूक लागते, पोळीला नाही म्हणायचा नाही. साखर परवाची 104 होती, तेव्हा अर्धी पोळी चालेल. भंडारा घट्ट झाकणाच्या डबीत घातलाय, डबी रिपोर्टांच्या फाइलबरोबर कपाटात. आईंना दाखवली. त्यांनी झाकण एकदा फिरवून पाहिलं.

काखेतला ताप 98.4. पण स्टेरॉइडवर असताना एवढ्यावर विसंबायचं नसतं, ताप दबलेला असू शकतो. हातपाय गार नाहीत, लाइन फ्लश केल्यावर हुडहुडी भरली नाही, पोर कुरकुरतंय पण मलूल नाही. 100.4 दिसलं तर पॅरासिटामॉल न देता थेट कॅज्युअल्टी, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. बॅग दाराशी भरून ठेवलीय. टॅक्सीचे पैसे वरच्या कप्प्यात.

आई झोपल्यात, भिंतीकडे तोंड करून. सकाळी त्यांचं मनगट बघेन, वळ उठलाय का ते.